‘चार्ज’ म्हणजे काय?

पाटीवर किंवा वहीत एक शब्द लिहा. चार्ज. च ला काना द्या आणि ज च्या डोक्यावर रफार द्या. रफार लिहायचा शेवटी, पण बोलायचा आधी, हे आपण ‘सूर्य’ आणि ‘कर्ज’ या शब्दांत पाहिले आहे. ‘कर्ज’ आणि ‘चार्ज’ हे दोन शब्द दिसायला बरेचसे सारखे. कागदावरही ते पुष्कळदा एकमेकांच्या शेजारीच सापडतात. ते कसे, हे पुढे येईल.

चार्ज हा शब्द इंग्रजी आहे. पण आता तो आपल्या खेड्यात इतका रुळला आहे, की त्याला परका म्हणवत नाही. सकाळी सूनबाई म्हणते, “मोबाइल चार्ज नाही.” दुपारी बँकेतून आलेले भाऊजी म्हणतात, “खात्यातून चार्ज कापला.” चावडीवर कळते की नव्या बाईंनी पंचायतीचा चार्ज घेतला. संध्याकाळी वर्तमानपत्रात वाचावे, तर तालुक्याला मोर्च्यावर लाठीचार्ज झालेला असतो आणि कुठल्याशा खटल्यात पोलिसांनी चार्जशीट दाखल केलेली असते. शब्द एकच, पण कामे पाच. माणसाचा गोंधळ होतो यात नवल ते काय?

आमच्या रात्रीच्या वर्गाला एक आजीबाई येत असत. त्यांच्या यजमानांना दवाखान्यात ठेवले होते. नर्सबाई म्हणाल्या, “आजी, उद्या आजोबांचा डिस्चार्ज बरं का.” आजी घाबरल्या. वर्गात येऊन म्हणाल्या, “गुरुजी, आणखी एक चार्ज लावलाय. किती ते काय सांगत नाहीत.” खरे तर नर्सबाईंनी आनंदाची बातमी दिली होती. आजोबांना घरी सोडणार होते. पण चार्ज म्हणजे पैसे, एवढा एकच अर्थ आजींच्या कानावरून गेलेला होता. त्या रात्री आजींना झोप आली नाही.

म्हणून या पाठात आपण या एका शब्दाची नीट ओळख करून घेऊ. माणसाची ओळख करून घेताना आपण विचारतो, “गाव कोणते?” शब्दालाही तेच विचारू.

फार जुनी गोष्ट. आज जिथे फ्रान्स देश आहे, तिथे पूर्वी जे लोक राहत, ते चाकांच्या गाड्याला ‘कर्रोस’ यासारखा एक शब्द वापरीत. रोमन लोकांनी तो त्यांच्याकडून उचलला आणि आपल्या लॅटिन भाषेत ‘कार्रुस’ असा केला. गाड्यावर माल चढवणे याला पुढे लॅटिनमध्ये ‘कार्रिकारे’ म्हणू लागले. फ्रेंच भाषेत त्याचाच ‘चार्जे’ या वळणाचा शब्द झाला. इ. स. १०६६ मध्ये फ्रान्सच्या नॉर्मंडी भागातल्या ड्यूकने, म्हणजे मोठ्या सरदाराने, इंग्लंड जिंकले. मग कितीतरी वर्षे तिथल्या दरबारात आणि न्यायसभेत फ्रेंच भाषा चालली. कोर्ट, जज्ज हे शब्द तेव्हा इंग्रजीत शिरले. चार्जही फ्रेंचमधूनच आला.

म्हणजे चार्जचा मूळ अर्थ काय? गाडीवर ओझे चढवणे. बस, एवढाच. ज्याने आयुष्यात एकदा तरी बैलगाडीत कडबा भरला आहे, त्याला हा शब्द समजायला अवघड नाही. मोटारीला आपण कार म्हणतो, तो याच घराण्यातला शब्द. जहाजावरच्या मालाला कार्गो म्हणतात, तोही त्यांचा भाऊबंद. सायकलच्या मागे गवताचा भारा बांधतो ना, ते कॅरिअर? तेही चुलत घरातले.

आता मजा पाहा. इंग्रज लोकांनी पुढे निरनिराळ्या ओझ्यांना हाच एक शब्द लावला. पैशाचे ओझे, कामाचे ओझे, दोषाचे ओझे, बंदुकीत भरलेली दारू, सगळ्याला चार्ज. इंग्रजीत ते क्रियापद आहे, म्हणजे एकट्यानेच वाक्य ओढते. मराठीत मात्र आपण त्याला दुसरे क्रियापद जोडतो. पैशाचा चार्ज ‘लावतात’ किंवा ‘कापतात’. कामाचा चार्ज ‘घेतात’ आणि ‘देतात’. मोबाइल चार्ज ‘करतात’ आणि तो चार्ज ‘होतो’. वाक्याच्या शेवटी कोणते क्रियापद आले ते पाहिले, की अर्धा अर्थ तिथेच कळतो. क्वचित घोटाळाही होतो. “नव्या साहेबांनी चार्ज घेतला” असे कोणी म्हटले, की काही मंडळी गालात हसतात आणि विचारतात, “किती?” त्यांचे हसणे आपण बाजूला ठेवू.

पहिल्याने पैशाचा चार्ज पाहू. रोज टोचणारा तोच.

घरी विजेचे बिल असेल तर काढा. महावितरणचे बिल मराठीत असते. त्यात चार्ज हा शब्द कदाचित दिसणार नाही. तिथे ‘आकार’ असे छापतात. आकार म्हणजे इथे गोल किंवा चौकोनी असा आकार नव्हे. शेतसाऱ्याची आकारणी म्हणतो, त्यातला हा आकार. आकार म्हणजेच चार्ज. बिलात ‘स्थिर आकार’ सापडेल. तो एक दिवाही लावला नाही तरी द्यावा लागतो, कारण जोडणी घेतलेली आहे. ‘वीज आकार’ म्हणजे जेवढी युनिटे जाळली तेवढ्याचे पैसे. मग ‘वहन आकार’ येतो. वहन म्हणजे वाहून नेणे. तारांवरून वीज तुमच्या घरापर्यंत वाहून आणल्याची ही हमाली समजा. पुष्कळ लोक फक्त शेवटचा आकडा पाहतात आणि कपाळाला हात लावतात. त्यापेक्षा ओळीओळीने वाचा. मागच्या महिन्याच्या बिलाशी ताडून पाहा. कोणत्या ओळीत पैसे वाढले हे सांगता आले, तर कचेरीतला माणूस तुमच्याशी वेगळ्या सुरात बोलतो. “बिल फार आले हो” म्हणणाऱ्याला तो “पुढे बघू” म्हणतो.

आता बँक. पासबुकात बहुधा इंग्रजी अक्षरे असतात. चार्ज हा शब्द इंग्रजीत सी, एच, ए, आर, जी, ई अशा सहा अक्षरांनी लिहितात. पण पासबुकात जागा थोडी, म्हणून नुसते सी, एच, जी किंवा असेच काही तुटक छापतात. त्या ओळीसमोर रक्कम वजा झालेली दिसेल. तशी ओळ दिसली, की बोट ठेवून विचारा, “हा कशाचा चार्ज?” विचारायला लाजू नका. पैसे तुमचे आहेत.

काही नियम माहीत असावेत. जनधन खाते किंवा साधे मूलभूत बचत खाते असेल, तर त्यात किमान शिल्लक ठेवण्याची सक्ती नाही. शिल्लक कमी झाली म्हणून त्या खात्यावर दंडाचा चार्ज लागत नाही. दुसऱ्या प्रकारच्या बचत खात्यात काही बँका किमान शिल्लक मागतात. तिथेही रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्ये घालून दिलेला नियम आहे. शिल्लक कमी झाली तर बँकेने आधी कळवायचे, निदान एक महिन्याची मुदत द्यायची आणि मगच चार्ज लावायचा. शिवाय नुसत्या या चार्जमुळे खाते शून्याच्या खाली जाता कामा नये. एटीएम यंत्रातून महिन्यात ठरावीक वेळा पैसे फुकट काढता येतात. त्यापुढे दर वेळी चार्ज पडतो. १ मे २०२५ पासून तो २३ रुपयांपर्यंत घेता येतो, आणि त्यावर कर वेगळा. म्हणून शंभर-शंभर रुपये दहा वेळा काढण्यात शहाणपण नाही.

कर्ज घेताना तर डोळ्यांत तेल घालून वाचा. पहिल्या परिच्छेदात म्हटले होते ना, कर्ज आणि चार्ज शेजारी सापडतात, ते इथे. व्याज किती ते सगळे विचारतात. पण अर्जाचा चार्ज, तपासणीचा चार्ज, विम्याचा हप्ता, हप्ता चुकल्याचा चार्ज, हे कोणी विचारत नाही. दहा हजारांचे कर्ज मंजूर होते आणि हातात नऊ हजार काहीतरी पडतात. मधले कुठे गेले? चार्जमध्ये. आता १ ऑक्टोबर २०२४ पासून असा नियम आहे, की बँक असो की कर्ज देणारी कंपनी असो, घरगुती किंवा छोट्या धंद्याचे मुदतीचे कर्ज देताना तिने मुख्य बाबींचा एक वेगळा कागद कर्जदाराला द्यायचा. तो त्याला समजेल अशा भाषेत पाहिजे. त्यात सर्व चार्ज लिहिलेले पाहिजेत. त्या कागदात जो चार्ज नाही, तो तुमच्या उघड संमतीवाचून पुढे लावता येत नाही. बचत गटातल्या भगिनींनी हे विशेष ध्यानात ठेवावे. अंगठा उठवण्याचे दिवस गेले. आता तुम्ही सही करता. मग सहीच्या आधी तो कागद मागा आणि वाचा. घाई करणारा माणूस म्हणेल, “बाई, सगळ्यांनी सही केली, तुम्हीच राहिलात.” राहू द्या. दहा मिनिटांनी काही बिघडत नाही.

एसटी स्टँडवर एक गंमत नेहमी घडते. पाण्याच्या बाटलीवर २० रुपये छापलेले असतात आणि दुकानदार २५ मागतो. विचारले तर म्हणतो, “गार करण्याचा चार्ज.” हा चार्ज कोठेही लिहिलेला नाही. बंद वेष्टनावर सर्व करांसह जी जास्तीत जास्त किंमत छापलेली असते, तिच्यावर एक पैसाही जास्त घेता येत नाही. २०११ च्या नियमांत हे स्पष्ट आहे. तक्रारीसाठी सरकारचा १९१५ हा ग्राहकांचा दूरध्वनी क्रमांक आहे. पाच रुपयांसाठी कोण फोन करणार, असे आपण म्हणतो, आणि दुकानदारालाही नेमके हेच ठाऊक असते.

आणखी एक चार्ज आहे, तो तर निव्वळ चोरी. फोन येतो, “तुमचे दोन लाखांचे कर्ज मंजूर झाले. आधी तीन हजार प्रोसेसिंग चार्ज भरा.” किंवा, “तुम्हाला लॉटरीत मोटार लागली. कराचा चार्ज पाठवा.” तीन हजार गेले की पाच मागतात, पाच गेले की दहा. कर्जही नाही आणि मोटारही नाही. ज्याला तुम्हाला पैसे द्यायचे आहेत, तो आधी तुमच्याकडून कशाला मागेल? असे पैसे गेलेच, तर घरात गप्प बसू नका. ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे लांब जातात.

पैशानंतर जमीन. आणि इथे आपल्या मराठीने इंग्रजीवर मात केली आहे, असे आम्हाला वाटते.

सोसायटीकडून पीककर्ज घेतले, की सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ या सदरात सोसायटीचे नाव आणि रक्कम येते. याला आपण काय म्हणतो? बोजा. इंग्रजी कायद्यात याच गोष्टीला चार्ज म्हणतात. महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा १९६० चा आहे. त्याच्या ४८ व्या कलमात सभासदाच्या जमिनीवरच्या या चार्जची तरतूद आहे. सभासद इकरार लिहून देतो, म्हणजे “या कर्जापोटी माझी ही जमीन अडकली” असे लेखी कबूल करतो, आणि त्याची नोंद सातबाऱ्यावर होते. कर्ज फिटेपर्यंत ती जमीन मनास येईल तशी विकता येत नाही. बोजा ‘चढवणे’ आणि बोजा ‘उतरवणे’ असे आपण बोलतो. रोमन गाडीवानाला मराठी येत असते, तर त्याला हे शब्द ऐकून वाटले असते, की ही आपल्याच आळीतली माणसे आहेत.

आता अडचण कोठे होते ते पाहा. शेतकरी कर्ज फेडतो. पावती घेतो, खिशात ठेवतो आणि घरी जातो. त्याला वाटते, सुटलो. पण पैसे फिटले म्हणून सातबाऱ्यावरची ओळ आपोआप पुसली जाईलच, असे धरून चालू नये. दहा-बारा वर्षांनी मुलीच्या लग्नाला किंवा दुखण्याला पैसे लागतात, दुसऱ्या बँकेत जावे तर बँक सातबारा पाहून म्हणते, “तुमच्यावर जुना बोजा आहे.” तोवर जुनी पावती उंदरांनी खाल्लेली असते. सोसायटीचे चिटणीस बदललेले असतात. वडील वारलेले असले तर विचारूच नका. फेडलेल्या कर्जाचा कागद शोधत मुले हिंडत राहतात.

म्हणून कर्ज फिटले, की त्याच आठवड्यात दोन कामे करा. संस्थेकडून किंवा बँकेकडून बेबाकीचा दाखला घ्या. बेबाकी म्हणजे बाकी राहिली नाही. तो दाखला आणि अर्ज तलाठ्याकडे द्या. तलाठ्यांना सरकारने २०२४ मध्ये ग्राम महसूल अधिकारी असे नाव दिले आहे. बोजा कमी करण्याचा अर्ज संगणकावर ‘ई-हक्क’ या सरकारी सोयीतूनही करता येतो. मग फेरफार नोंद होते आणि मंडळ अधिकारी ती मंजूर करतात. एवढ्यावर थांबू नका. नवा सातबारा काढा आणि ‘इतर हक्क’ हे सदर स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. ओळ गेली की नाही ते दुसऱ्याला विचारून कळण्यापेक्षा स्वतः वाचलेले बरे. त्यासाठीच तर आपण अक्षरे गिरवली.

कामाचा चार्ज आम्हाला चांगला परिचयाचा. शाळेत मुख्याध्यापक बदलला, की जुना माणूस चार्ज देतो आणि नवा घेतो. शुद्ध मराठीत याला पदभार म्हणतात. भार म्हणजे ओझेच. चार्ज घेणे म्हणजे खुर्चीवर बसून हार घालून घेणे, असे काहींना वाटते. खरे काम वेगळेच असते. एक चार्ज-यादी असते. कपाटाच्या किल्ल्या किती, रोख किती, पावतीपुस्तके कोणत्या नंबरापासून, बाके किती, घड्याळ चालू की बंद, सतरंज्या किती, सगळे लिहिलेले असते. नव्या माणसाने मोजून सही करायची. आम्ही चार्ज घेतला, तेव्हा तांब्यासुद्धा मोजला होता. लोक हसले. पण सही झाल्यावर जे नसेल ते तुमच्या डोक्यावर.

गावातही हे उपयोगी पडते. बचत गटाच्या अध्यक्षा बदलतात, दूध संस्थेचे चिटणीस बदलतात, देवस्थानचे पंच बदलतात. तोंडी चार्ज देऊ-घेऊ नये. वही, शिक्के, रोख, बँकेचे पुस्तक यांची यादी करावी आणि दोघांनी सह्या कराव्यात. नाहीतर पुढे देवाची समई कोणाच्या घरी आहे यावरून दोन भावकी बोलायच्या बंद होतात. ‘प्रभारी’ अधिकारी असा शब्द पाटीवर दिसतो, त्यातही भार आहे. जागा दुसऱ्याची, पण तिचे ओझे तात्पुरते याच्याकडे.

आता कोर्टातला चार्ज. इथे शब्दाचा अर्थ चुकीचा घेतला, तर माणसाची अब्रू जाते, म्हणून थोडे सावकाश वाचा.

कोणी फिर्याद दिली, की पोलीस तपास करतात. तपास संपला आणि पुरावा आहे असे त्यांना वाटले, की ते कोर्टात जो कागद दाखल करतात, त्याला लोक चार्जशीट म्हणतात. मराठीत दोषारोपपत्र किंवा आरोपपत्र. शीट म्हणजे कागद. आरोप हा शब्दही पाहण्यासारखा आहे. संस्कृतात आरोपण म्हणजे वर ठेवणे, चढवणे. झाड लावतो तेव्हा वृक्षारोपण म्हणतो, तेच हे आरोपण. तेव्हा आरोप म्हणजे दुसऱ्यावर चढवलेला दोष. चढवलेला, एवढेच. तो त्याचाच आहे हे अजून ठरायचे आहे.

चार्जशीट आली म्हणजे गुन्हा शाबीत झाला, असे नाही. चार्जशीट पोलीस देतात. मग न्यायाधीश कागद पाहतात. दम नसेल, तर त्या टप्प्यावरच माणसाला आरोपमुक्त करता येते. त्याला इंग्रजीत डिस्चार्ज म्हणतात. दम असेल, तर न्यायाधीश आरोप निश्चित करतात, त्याला वाचून दाखवतात आणि विचारतात, “कबूल आहे का?” तो “नाही” म्हणाला, की साक्षीपुरावे होतात. शेवटी निकाल लागतो. तोवर तो आरोपी, गुन्हेगार नव्हे. पण आपल्याकडे काय होते? “त्याच्यावर चार्जशीट आहे” एवढे ऐकले, की लोक त्याच्या मुलीची सोयरीक मोडतात. वर्तमानपत्र वाचताना ‘आरोप’, ‘आरोपी’, ‘दोषी’ हे तीन शब्द वेगळे वाचा. ‘निर्दोष सुटला’ ही बातमी आत कोपऱ्यात छापतात, तीही शोधून वाचा.

ज्याच्यावर चार्ज आहे, त्याला त्या कागदांची नक्कल फुकट मिळते. १ जुलै २०२४ पासून फौजदारी कामकाजाला भारतीय नागरिक सुरक्षा संहिता हा नवा कायदा लागू झाला. त्यातही हा हक्क ठेवलेला आहे. आरोपी कोठडीत असेल आणि ठरलेल्या मुदतीत चार्जशीट आलीच नाही, तर त्याला जामीन मागण्याचा हक्क मिळतो. ही मुदत गुन्ह्याप्रमाणे ६० किंवा ९० दिवसांची असते. वकील देण्याची ऐपत नसेल, तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. तिच्याकडे अर्ज केला तर वकील फुकट मिळतो. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना आणि कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न पाहता ही मदत मिळते.

राहिला लाठीचार्ज. शत्रूवर भार टाकून धावून जाणे, यालाही इंग्रजीत चार्ज म्हणतात. रानडुक्कर किंवा गवा अंगावर धावून आला, की जंगल खात्यातले लोकही “चार्ज केला” असेच म्हणतात. आपल्या भाषेत याला चढाई हा नामी शब्द आहे. ओझे चढवतात आणि शत्रूवर चढाई करतात. दोन्ही भाषांची बुद्धी एकाच वाटेने गेलेली दिसते.

बंदुकीत दारू ठासणे यालाही चार्ज म्हणत. विहीर खणताना खडकाला भोक पाडून सुरुंगाची दारू भरतात, तोही चार्जच. आणि येथून हा शब्द मोबाइलपर्यंत आला. अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिन नावाचे विद्वान होते. इ. स. १७५० च्या आगेमागे ते विजेचे प्रयोग करीत. काचेच्या बरणीत वीज साठवून ठेवण्याची युक्ती तेव्हा नुकतीच निघाली होती. बरणीत वीज भरणे याला त्यांनी चार्ज हा शब्द वापरला, आणि ओळीने जोडलेल्या बरण्यांना बॅटरी असे नाव दिले. तोफांच्या रांगेला बॅटरी म्हणत, त्यावरून हे नाव आले. तुमच्या हातातल्या विजेरीची बॅटरी ती हीच. मात्र आजच्या बॅटरीत पाणी भरावे तशी वीज भरलेली नसते. वीज आत सोडली की आतल्या द्रव्यांत फरक होतो, आणि वापरताना तो फरक उलटा होत जाऊन वीज परत मिळते. मोबाइलची बॅटरी फुगलेली दिसली, तर ती पुन्हा चार्जला लावू नका आणि टोचूनही पाहू नका. तिचा भडका उडतो.

शब्दाच्या पुढे दोन शेपट्या लागतात, त्या ओळखल्या की काम झाले. शेपटी पुढे कशी, असे विचाराल. शेळीला नसेल, शब्दाला असते! ‘री’ लागला की पुन्हा भरणे. रिचार्ज. मोबाइलचा रिचार्ज आपण करतोच. जमिनीच्या पोटातल्या पाण्याचाही रिचार्ज करतात. मराठीत त्याला पुनर्भरण म्हणतात. पावसाळ्यात छपराचे किंवा ओढ्याचे पाणी गाळून विहिरीत सोडले, की विहीर पुनर्भरण झाले. मोबाइलचा रिचार्ज महिन्याला विसरत नाही तो माणूस विहिरीचा मात्र वर्षानुवर्षे विसरतो.

‘डिस्’ लागला की उलटे. ओझे उतरवणे, सोडणे. धरणातून नदीत पाणी सोडतात, त्याला इंग्रजीत डिस्चार्ज आणि मराठीत विसर्ग म्हणतात. पावसाळ्यात विसर्ग वाढल्याची बातमी आली, की नदीकाठची जनावरे आणि मोटारी वर घ्यायच्या. कोर्टातला डिस्चार्ज आपण वर पाहिला. आणि आमच्या आजीबाईंचा डिस्चार्ज तो हाच. दवाखान्याने रोग्याला सोडले. त्या वेळी एक कागद देतात. त्यात रोग कोणता होता, काय उपचार केले, घरी कोणती औषधे किती दिवस घ्यायची आणि पुन्हा केव्हा दाखवायचे हे असते. तो कागद बिलापेक्षा जपून ठेवा. दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात, तर ते आधी तोच मागतील.

वाचा व सांगा

पुढची वाक्ये मोठ्याने वाचा. प्रत्येकात ओझे कशाचे आहे, कोणी चढवले आणि कोणावर, हे शेजाऱ्याला सांगा.

पंपाची बॅटरी रात्रभर चार्ज झाली. सोसायटीचा बोजा उतरला, पण बँकेचा आहे. कोयना धरणातून विसर्ग सुरू केला. गटाच्या नव्या अध्यक्षांनी चार्ज घेताना वही मोजली नाही. त्याच्यावर आरोप निश्चित झाला, पण साक्षी अजून व्हायच्या आहेत. पासबुकात चार्जची ओळ आहे आणि भाऊ म्हणतो, मी काही काढले नाही. फोनवरची बाई म्हणते, आधी चार्ज भरा, मग पैसे मिळतील.

शेवटच्या दोन वाक्यांतल्या माणसांनी आता काय करावे, हे वहीत चार ओळींत लिहा. पुढच्या वेळी येताना घरातले विजेचे बिल आणि सातबारा बरोबर आणा. वर्गात मिळून वाचू.